व्हर्लिनची यादी

व्हर्लिन टॉफ्टीला चालत्या माणसाचा गुडघा दिसायचा. पँटच्या आतला. रविवारी चर्चच्या पायऱ्या चढणाऱ्या हॅल्वर्सनबाईंकडे पाहून तो बायकोच्या कानाशी लागला होता, "डावा. ईस्टरपर्यंत हातात काठी येईल बघ." ईस्टरला हॅल्वर्सनबाई काठी टेकत आल्या. आर्लिसला हे मुळीच आवडायचं नाही.

"चर्चमध्ये येऊन बायकांचे पाय कसले बघतोस?"

"पाय नाही गं, गुडघे."

"लोकांना कळतो का तो फरक?"

त्याचा स्वतःचा उजवा गुडघा सतराव्या वर्षीच गेला होता, शाळेच्या संघातून फुटबॉल खेळताना. हातात चेंडू धरून धावायचं आणि समोरच्यांनी अंगावर झेप घेऊन पाडायचं, असा तो इकडचा फुटबॉल. पुढे बत्तिसाव्या वर्षी तो साखर कारखान्यात लागला आणि सत्तावीस वर्षं ट्रक तोलायच्या काट्यावर बसला. नदीकाठच्या शेतांतून साखरेच्या बीटाचे ट्रक यायचे, काट्यावर उभे राहायचे, आणि व्हर्लिन खिडकीतून टायरांकडे आणि स्प्रिंगांकडे एकदा बघून वजन सांगायचा. काटा स्थिर व्हायच्या आधी. ड्रायव्हर पैज लावायचे आणि हरायचे. बघणं हेच त्याचं काम होतं. मग कारखान्याने नवा काटा बसवला. ड्रायव्हरने कार्ड टेकवायचं, चिठ्ठी आपोआप बाहेर. व्हर्लिनला केक दिला आणि कारखान्याचं नाव शिवलेलं जाकीट दिलं. केक त्याने खाल्ला. जाकीट अजून कागदात गुंडाळलेलंच आहे.

तेव्हा तो एकोणसाठ वर्षांचा होता. त्यानंतर त्याच्याकडे एकच गोष्ट उरली, लीग.

लीग कारखान्यातल्या बारा जणांची. ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी माजी सैनिकांच्या लीजन हॉलच्या तळघरात जमायचं आणि पाळीपाळीने देशभरातले खरे खेळाडू निवडून आपापला कागदावरचा संघ बांधायचा. एकाने घेतलेला खेळाडू दुसऱ्याला मिळायचा नाही. मग सप्टेंबरपासून डिसेंबरपर्यंत दर रविवारी तो खेळाडू खऱ्या मैदानावर जे काय करील त्याचे गुण ह्याच्या नावावर. दर आठवड्याला एकाची दुसऱ्याशी जोडी, ज्याचे गुण जास्त तो जिंकला. एवढाच खेळ. पण त्यासाठी व्हर्लिन रविवारी सकाळी दाढी करायचा. बाकीचे सहा दिवस करायचा नाही.

निवडीच्या दिवशी अकरा जणांच्या हातात एकच यादी असायची. टीव्हीवरचे तज्ज्ञ दर ऑगस्टला दोनशे खेळाडूंची क्रमवारी लावतात, ती. व्हर्लिन मात्र स्वतःची वही आणायचा. उन्हाळाभर तो खेळाडूंच्या सरावाच्या चित्रफिती बघायचा, तेही धावतानाच्या नाहीत. धावून झाल्यावर माणूस परत कसा चालत येतो, बाटली घ्यायला कसा वाकतो, बसताना हात कुठे टेकतो, तेवढंच. दर जानेवारीत तो तज्ज्ञांची जुनी यादी काढायचा आणि पुढे प्रत्यक्षात काय झालं ते लिहायचा. पहिल्या बारांतले कधी चार खरे निघायचे, कधी पाच.

"बारातले पाच," तो आर्लिसला दाखवायचा. "काट्यावर मी बारातली पाच वजनं बरोबर सांगितली असती तर मला दुसऱ्या दिवशी घरी पाठवला असता. ह्यांना नवीन टाय मिळतो."

एकदा त्याने त्या कार्यक्रमाला पत्रही लिहिलं होतं, अगदी नीट, नावानिशी, वर्षानिशी. उत्तर आलं की आमचे प्रेक्षक झाल्याबद्दल आभारी आहोत.

एकोणीस वर्षांत व्हर्लिन दोनदा जिंकला आणि बहुतेक वेळा मधेच कुठेतरी राहिला. त्याच्या यादीलाही तिची खोड होती. त्याचा खेळाडू डिसेंबरपर्यंत धडधाकट असायचा, पण धडधाकट माणूस गुण मिळवेलच असं नाही. मागच्या वर्षी त्याने ज्याला पहिला घेतला त्याला प्रशिक्षकाने सबंध मोसम बाकावर बसवून ठेवला. व्हर्लिन शेवटचा आला.

"गुडघा मात्र ठणठणीत राहिला बरं का त्याचा," डेल्मर कुचेरा म्हणाला होता आणि सगळं तळघर हसलं होतं. व्हर्लिनही हसला होता.

पण लीगचा नियम होता. लागोपाठ दोन वर्षं शेवटचा आला त्याने खुर्ची सोडायची. बाहेर तीन वर्षं वाट बघत बसलेला एक जण होता, लीग चालवणाऱ्या ऑरिन वोगेचा जावई कोल्बी. आर्लिसने तो नियम मनात घोळवत सगळा उन्हाळा काढला. शाळेच्या ग्रंथालयातून ती दुपारी तीनला घरी यायची तेव्हा व्हर्लिन सकाळी जिथे बसलेला असायचा तिथेच बसलेला असायचा. कॉफीचा कपही तिथेच. लीग गेली तर ह्या माणसाला ह्या खुर्चीतून उठवायला काय उरणार, हा विचार तिची पाठ सोडत नव्हता.

निवडीच्या आदल्या दिवशी ती स्वयंपाकघरात उभी राहून म्हणाली, "एक वर्ष. ह्या एका वर्षी त्यांची यादी घे."

व्हर्लिनने वहीतून डोकं वर काढलं नाही. "त्यांनी पहिला कोण लावलाय माहिती आहे? रस्क."

टॅव्हियन रस्क हे नाव आर्लिसलासुद्धा माहीत होतं. त्या उन्हाळ्यात तो धान्याच्या खोक्यावरही होता.

"मग? वाईट आहे का?"

"धावतो छान. पण थांबताना बघ तू. उजवा पाय सपाट टाकतो आणि सगळा भार डाव्यावर घेतो. मी बेचाळीस वर्षं तसाच चालतोय. हॅलोविनच्या आत, ऑक्टोबर संपायच्या आत बसणार तो."

"बसू दे. सगळ्यांच्याच यादीत तो पहिला आहे ना? चुकले तर सगळे चुकतील. तुला एकट्याला कोणी हसणार नाही."

आता त्याने वर बघितलं. "सगळे कसे चुकतील, आर्लिस? तो एकालाच मिळणार. चुकणारा एकच."

ती चिडली. "मागच्या वर्षी तुझ्या डोळ्यांनी काय दिवे लावले? सांग ना. काट्यावर होतास तेव्हा होतास. ती माणसं हेच करतात दिवसभर, त्यांच्याकडे यंत्रं आहेत, आकडे आहेत. तुझ्याकडे काय आहे?"

बोलून झाल्यावर तिला कळलं की यंत्रं हा शब्द यायला नको होता. व्हर्लिनने वही मिटली, कपाट उघडलं, बिस्किटांचा डबा काढला, पुन्हा ठेवला.

"बघू," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तळघरात नेहमीसारखा गलका होता. आर्लिसने वर बटाट्याच्या गोळ्या लावून भट्टीत भाजलेला हॉटडिश आणला होता. फळ्यापाशी उभं राहायचं कामही दर वर्षी तिच्याकडेच असायचं. तिचं अक्षर सुंदर, म्हणून खेळाडूंच्या नावांच्या चिठ्ठ्या तिनेच लिहिलेल्या असायच्या, आणि ज्याने जे नाव पुकारलं ती चिठ्ठी त्याच्या रांगेत तीच चिकटवायची.

पहिली निवड कोणाची हे ठरवायचीही एक रीत होती. डेल्मर भावाच्या शेतातला ताजा उपटलेला बीट आणून टेबलावर ठेवायचा. प्रत्येकाने वजन सांगायचं. ज्याचं सगळ्यात जवळ, त्याची पहिली निवड.

"हात नाही लावायचा हं व्हर्लिन," डेल्मर म्हणाला. "आणि डोळे मिटूनच सांग, म्हणजे आम्हाला काहीतरी आशा."

व्हर्लिन लांबूनच म्हणाला, "दोन पौंड अकरा औंस. त्यातली दोन औंस माती."

काटा दोन पौंड अकरावर थांबला.

"अरे, कशाला विचारतो आपण दर वर्षी!" ऑरिनने टोपी टेबलावर आपटली. "यंत्रापेक्षा बरा आहेस लेका तू."

कोणीतरी घाईने चिप्सची पिशवी फोडली.

पहिली निवड व्हर्लिनची. ऑरिनने अंडी उकडायला लावतात ते घड्याळ पिळून टेबलावर ठेवलं. दोन मिनिटं. दोन मिनिटांत नाव नाही सांगितलं तर तज्ज्ञांच्या यादीत जो सगळ्यात वर शिल्लक असेल तो तुमच्या गळ्यात, असा नियम. एकोणीस वर्षांत तो एकदाच लागू झाला होता, डेल्मर संडासात अडकला तेव्हा.

व्हर्लिन उभा राहिला. वही त्याच्या खिशात होती, तिचा कोपरा आर्लिसला दिसत होता. घड्याळ टिकटिकत राहिलं.

"बोल की बाबा."

"आज तोंडात बीट कोंबलाय का?"

व्हर्लिनने एकदा फळ्याकडे, म्हणजे आर्लिसकडे पाहिलं. तिने मान हलवली नाही. पण तिचा हात आपोआप पहिल्या चिठ्ठीकडे गेला होता आणि ते त्याला दिसलं. तो काहीच बोलला नाही. घंटा वाजली.

"रस्क!" ऑरिन ओरडला. "अरे चोरा! नाव घ्यायलाही लाजतोस होय? चिकटव गं आर्लिस."

तिने रस्कची चिठ्ठी व्हर्लिनच्या रांगेत चिकटवली. तिला बरं वाटलं. खोटं कशाला बोला, हलकंच वाटलं.

व्हर्लिनची पाळी दुसऱ्यांदा आली तेव्हाही त्याने घंटा वाजू दिली. तिसऱ्यांदाही. चौथ्यांदा लोक हसले, "ह्याची बॅटरी गेली" म्हणाले. सहाव्या वेळी कोणी हसलं नाही. एकूण पंधरा फेऱ्या होत्या. दर फेरीत व्हर्लिन उठून उभा राहायचा, दोन मिनिटं टेबलाच्या कडेला हात टेकून उभा असायचा, घंटा वाजली की बसायचा. स्वतःच्या तोंडाने त्याने एक नाव घेतलं नाही. आर्लिस चिठ्ठ्या चिकटवत गेली. शेवटच्या दोन-तीन फेऱ्यांत तिच्या बोटांना चिठ्ठीमागचा कागद सोलता येईना.

गाडीत ती म्हणाली, "चांगला झालाय संघ."

"त्यांचा चांगलाच असतो," तो म्हणाला. "ऑगस्टमध्ये."

सप्टेंबर तसा बराच गेला. रस्क वाट्टेल तसा धावला. तीन आठवडे व्हर्लिन सगळ्यांच्या वर होता. फोनवरच्या लीगच्या गटात टोमणे यायचे, आर्लिस ते मोठ्याने वाचून दाखवायची. तो ऐकायचा आणि म्हणायचा, "छान." दाढी करायचा. पण पूर्वी सामना संपल्यावर तासभर जो उत्साहाने सांगत बसायचा, कोण लंगडतोय, कोण लपवतोय, ते सांगणं बंद झालं होतं. त्याचा संघ होता, पण त्यात त्याचा एकही माणूस नव्हता.

ऑक्टोबरच्या तिसऱ्या रविवारी आर्लिस लीजन हॉलच्या तळघरात होती, तिथे जमून सामने बघणाऱ्या लीगवाल्यांसाठी सूप घेऊन गेली होती. रस्कच्या अंगाला कोणी हातही लावला नव्हता. तो वळला, उजवा पाय सपाट टाकला आणि खाली बसला, एखादं लहान मूल रुसून जमिनीवर बसतं तसा. मग त्याने हेल्मेट काढून चेहरा झाकला. टीव्हीवर ते पुन्हा पुन्हा दाखवायला लागले तेव्हा आर्लिसने मान फिरवली.

"गेला," कोणीतरी म्हणालं. "वर्ष गेलं त्याचं."

डेल्मरने व्हर्लिनच्या खांद्यावर हात ठेवला. "नशीब रे बाबा. पहिला खेळाडू, सगळ्या जगाने पहिला लावलेला. कोणाला कळणार होतं?"

आर्लिस सुपाचा डाव हातात धरून उभी होती. तिच्या अगदी ओठांवर आलं. ह्याला कळलं होतं! वहीत लिहिलंय, तारखेनिशी! पण ती बोलू शकली नाही. कळलं होतं तर घेतलास कशाला, हा पुढचा प्रश्न होता. कळूनही घेणारा तर अधिकच मूर्ख ठरतो.

तिने नवऱ्याकडे पाहिलं. व्हर्लिन टीव्हीकडे बघत होता.

"हो ना," तो म्हणाला. "कोणाला कळणार होतं!"

त्यानंतर उतरणच लागली. यादीतला दुसरा माणूस नोव्हेंबरात फॉर्म हरवून बसला, तिसऱ्याची दुसऱ्या संघात बदली झाली. रस्कच्या जागी घ्यायला कोणी चांगला उरला नव्हता. व्हर्लिन कोणाला घ्यायचं तेही बघेना. आर्लिसच तज्ज्ञांनी सुचवलेली नावं फोनवर टिपायची आणि त्याला विचारायची, "हा घेऊ?" तो म्हणायचा, "घे." डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी शेवटचा सामना ऑरिनशी होता. जिंकला असता तर तळातून एक पायरी वर. दुपारचे तीन वाजायच्या आत स्पष्ट झालं की नाही. जवळपासही नाही. लोक खेळ संपायच्या आधी गाड्या गरम करायला बाहेर गेले.

दोन दिवसांनी ऑरिन घरी आला. दारात बराच वेळ बुटांचा बर्फ झटकत राहिला. व्हर्लिन गॅरेजात होता.

"बस," आर्लिस म्हणाली. "मला माहितीये कशाला आलास ते."

"नियम आहे गं. मी काय करू? इतकी वर्षं कोणाला लागू झाला नव्हता, ह्याला झाला. कोल्बी विचारत नाही काही, पण माझी बायको विचारते."

आर्लिसने वही आणून त्याच्यासमोर उघडी टाकली. ऑगस्टचं पान. रस्क, उजवा, हॅलोविनच्या आत. खाली आणखी बारा-तेरा नावं, त्याच्या बारीक अक्षरात. त्यातली कितीतरी आता लीगमध्ये वरच्या चौघांकडे होती.

ऑरिनने दोनदा वाचलं. चष्मा काढला. "मग घेतला कशाला त्याला?"

"मी सांगितलं म्हणून. मी त्याला म्हटलं तुझ्याकडे काय आहे. त्याने नाव घेतलंच नाही, ऑरिन, तू होतास ना तिथे! एकही नाव घेतलं नाही त्याने. तो त्याचा संघ नव्हताच. मी चिकटवला. एक वर्ष अजून द्या त्याला. त्याच्या स्वतःच्या यादीवर."

ऑरिन वहीकडे बघत राहिला. मग हळू आवाजात म्हणाला, "हे मी बाकीच्यांना सांगू का? सांग म्हणालीस तर सांगतो. पण विचार कर. आत्ता ते म्हणतायत, बिचाऱ्याचं नशीब फुटकं. हे कळलं तर काय म्हणतील?"

तिने वही स्वतःकडे ओढून घेतली. तेवढ्यात व्हर्लिन आत आला, हात पुसत. टेबलावरची वही त्याने पाहिली आणि न पाहिल्यासारखी केली.

"कोल्बी चांगला आहे," तो ऑरिनला म्हणाला. "त्याला म्हणावं, फळ्याजवळच्या खुर्चीचा एक पाय डुगडुगतो."

"तू येत जा रे रविवारी. संघ नसला म्हणून काय झालं? सूप आहे, टीव्ही आहे."

"येईन की."

"नक्की ये."

"हो, हो."

ऑरिनने कॉफी अर्धीच प्यायली. तो गेल्यावर आर्लिस म्हणाली, "माझ्यामुळे झालं. तू बोल तरी मला काहीतरी."

"तुझ्यामुळे कसलं?" व्हर्लिनने ऑरिनचा कप उचलून सिंकमध्ये ठेवला. "एवढी माणसं म्हणत होती, मीही तोच घेतला असता."

खोटं होतं. पस्तीस वर्षांत तो तिच्याशी फारसं खोटं बोलला नव्हता आणि त्याला ते जमतही नव्हतं. पण ह्या वेळी तो तिला बरं वाटावं म्हणून बोलत नाहीये, असं तिला वाटलं. तो स्वतःलाच सांगत होता आणि त्याला ते हळूहळू पटत चाललं होतं. त्याने तिच्यावर आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं.

संध्याकाळी व्हर्लिनचा फोन ओट्यावर राहिला होता. त्यावर एक ओळ उमटली, ऑरिनने तुम्हाला गटातून वगळलं आहे. आर्लिसने ती वाचली, फोन उताणा होता तो पालथा घातला. नंतर तिला वाटलं, निदान त्याने स्वतः वाचायला हवी होती, म्हणून पुन्हा उताणा केला.

जानेवारीतल्या एका रविवारी, मोठे सामने चालू होते तेव्हा, तिनेच टीव्ही लावला. व्हर्लिनची पाच दिवसांची दाढी होती. तळघरात तो एकदाही गेला नव्हता, आणि बोलवायला कोणाचा फोनही आला नव्हता. तिने त्याच्या मांडीवर ताट ठेवलं. बावीस नंबरचा एक पोरगेला खेळाडू अंगावर पडलेल्यांच्या ढिगाऱ्याखालून उठला आणि आपल्या लोकांकडे चालत निघाला. आर्लिस बघत होती. आयुष्यात पहिल्यांदाच तिला ते दिसलं. पाऊल पडताना टाच आधी टेकत नव्हती. सगळा तळवा एकदम पडत होता आणि कंबर दुसऱ्या बाजूला किंचित सरकत होती. 

"व्हर्लिन! तो बघ. बावीस. डावा ना?"

व्हर्लिनने घास चावून संपवला. "त्याला पुढच्या वर्षीसाठी आत्ताच तिसरा लावलाय त्यांनी," तो म्हणाला.

"अरे, ते जाऊ दे. चालतोय कसा बघ ना. मलासुद्धा दिसतंय!"

त्याने पडद्याकडे पाहिलं. खरंच पाहिलं, तिच्या समाधानासाठी, मान थोडी पुढे काढून. खेळाडू पुन्हा रांगेत जाऊन उभा राहिला होता.

"मला नाही गं काही दिसत," तो म्हणाला. "त्यांनी बघितलं असेल ना सगळं. उगाच तिसरा लावतील का?"

त्याने ताट बाजूला ठेवलं आणि डोळे मिटून मान मागे टेकली. झोपला नव्हता. आर्लिसने आवाज कमी केला, पण टीव्ही बंद केला नाही. सामना संपेपर्यंत ती त्या बावीस नंबरच्या गुडघ्याकडे बघत राहिली. प्रत्येक वेळी तो खाली पडला की तिची बोटं खुर्चीच्या हातावर आवळायची, आणि प्रत्येक वेळी तो उठायचा, तसाच चालत परत यायचा, आणि हे तिच्याशिवाय आणखी कोणाला दिसतंय की नाही हे विचारायला त्या खोलीत कोणी नव्हतं.